नाव दाजींचं, रक्त वाहरूचं

ब्राह्मणपुरी,
ता. ९ जून १९६४

चि. सौ. वत्सला हीस,

थोरल्या बहिणीचा डोक्यावर हात. तुझ्याकडे सगळी खुशाल असतील असं धरून चालते. नसती तर तुझी चार रडकी पत्रं एव्हाना आली असती. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांग (जिभेची करत नाही, ती ठणठणीत असणार). इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे वाच. आणि अक्षराला नावं ठेवू नकोस. मी दुसरी शिकलेली बाई. तू चौथी शिकून काय दिवे लावलेस ते मला ठाऊक आहे.

तर माघात आमच्या गावात शहरातल्या मोठ्या कॉलेजचे डॉक्टर आले होते. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं, बर्फाचा डबा ठेवला आणि म्हणाले, आम्हाला तुमचं रक्त पाहिजे. गाव आधी पळालंच. मग कळलं की एकेक बाटलीच पाहिजे, तीही बोटाएवढी. त्यांना असं शोधून काढायचं होतं की माणूस काय खातो, किती चालतो, किती झोपतो, विड्या किती ओढतो आणि स्वभावाने कसा आहे, ह्यातलं काय काय रक्तात उतरतं. रक्तात म्हणे साखर असते, चरबी असते, कसलेसे खार असतात, आणि जशी राहणी तसं ते कमीजास्त होतं. म्हणजे तुमच्या घरात डोकावायची गरजच नाही, एक थेंब सगळं सांगतो. हे काम आमच्या गल्लीतल्या बायका फुकट करतात, पण त्यांना कुणी बर्फाचा डबा देत नाही.

आधी दोन दिवस घरोघर फिरून त्यांनी कागद भरले. चष्मेवाला डॉक्टर मला विचारतो, मावशी, तुम्हाला राग येतो का? (मावशी म्हणतो, आणि स्वतःचं डोकं अर्धं पिकलेलं.) म्हटलं, तुम्ही यायच्या आधी नव्हता आला. त्यावर त्याने बरंच काही लिहून घेतलं. मग तुझ्या दाजींकडे वळला. हे झोपाळ्यावर. उठले नाहीत, पण सगळं खरं सांगितलं, कारण खोटं बोलायलाही थोडे कष्ट पडतात. सकाळी गुळाचा चहा तीन वेळा. दुपारी केळ्याची शिकरण, भाकरीवर तुपाचा गोळा, मग तीन तास झोप. संध्याकाळी ऊस (दुसऱ्याने सोललेला). दिवसाला विड्यांचं एक बंडल. चालणं किती? झोपाळ्यापासून ओट्यापर्यंत. धंदा काय? ह्यांनी दाराबाहेरच्या कापसाकडे बोट दाखवलं. डॉक्टरने लिहिलं, शेती. मी हसले तर मलाच विचारतो, तुम्हाला हसूही फार येतं का?

तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं होतं. सकाळी चहासुद्धा न घेता या, असं सांगून गेले होते. आता तुला आमच्या घरची रीत ठाऊकच आहे. ह्यांनी आयुष्यात जे काही केलं ते सालदाराकडून. सारंगखेड्याच्या दत्ताला पायी येईन म्हणून नवस बोलले हे, पाय गेले वाहरूचे. रस्त्याच्या श्रमदानात नाव ह्यांचं, टोपली वाहरूच्या डोक्यावर. वाहरू म्हणजे आमचा सालदार, सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, डोंगरातला, चार वर्षं होता आमच्याकडे. कांद्यासोबत ज्वारीची भाकर खाऊन पहाटेपासून बैलांमागे चालणारा. तर ह्यांनी झोपाळ्यावरूनच त्याला सांगितलं, जा, माझ्या नावाने सुई टोचून ये. वाहरू कधी उलटून बोलत नाही, त्या दिवशी बोलला. "पाटील, बाकीनं समदं मी करस, पन रगत ते मन्हं शे ना?" हे म्हणाले, "वरीसभर भाकर मन्ही खास ना तू, मंग रगत कोनं?" बिचारा विचारात पडला आणि गेला. (भाकरी मी थापते. त्या हिशेबाने रक्त माझं झालं, पण मला कोण विचारतो.) सुई टोचणारे डॉक्टर दुसरेच, परगावचे, त्यांना काय ठाऊक पाटील कोण आणि सालदार कोण. रांगेतले सगळे ओळखत होते, एकाने तोंड उघडलं नाही. निम्म्यांनी आपापले सालदारच उभे केले होते.

होळीनंतर टपालाने कागद आले. ह्यांच्या कागदासोबत चष्मेवाल्याचं पत्र वेगळं. असं रक्त त्याने पाहिलंच नव्हतं म्हणे. साखर पाहिजे तेवढीच, चरबी नावाला. रोज दहा कोस चालणाऱ्याचं असतं तसं. आणि राहणी बघावी तर ही! तेव्हा तूप, गूळ, झोप आणि झोपाळा ह्यांचा शरीरावर होणारा परिणाम नव्याने तपासावा लागेल, असं त्या शिकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलं. वत्सले, मी दुसरीतच शाळा सोडली ते बरंच झालं.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर जत्रा. लोणखेड्याहून माणसं बैलगाडी जुंपून राहणी बघायला येतात. गल्लीतल्या उदेसिंगने घरात झोपाळा टांगला आणि पहिल्याच दिवशी आढ्यासकट खाली आला. शेजारच्या कमलबाईचा नवरा दुपारी शेतात जात नाही, म्हणतो चालल्याने रक्त खराब होतं, चुनीलाल पाटलाचा कागद बघ. (हे नाव कागदावर छापलंय, मी घेतलं नाही.) आणि हे तक्क्याला टेकून उपदेश करतात, "घाईमा काय शे? पडी ऱ्हावा." गावातल्या बायका पाणवठ्यावर मला अशा बघतात, जणू ही राहणी मी घरी काढून विकते.

आता हसणं बंद कर. झोपाळ्याची कडी लागून होळीला ह्यांच्या अंगठ्याला खरचटलं होतं. ज्येष्ठ लागला तरी ती जखम मिटत नाही. उलट वाढतेय, अंगठा काळा पडत चाललाय. दुपारच्या आत एक घागर पाणी एकटे संपवतात. मोरीत मुंग्यांची रांग लागते. आपल्या मगनकाकांचा मधुमेह आठव, त्यांच्याही लघवीला मुंग्या लागायच्या. त्यांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं, मग पाऊल, मग गुडघा, मग काका. मी म्हटलं शहाद्याच्या दवाखान्यात चला, तर हे कागद पुढे करतात, वाच म्हणतात. मी बोट ठेवून ठेवून वाचते. संपेपर्यंत हे घोरत असतात.

आणि आता तो चष्मेवाला बावीस तारखेला परत येतोय. ह्या वेळी घरी येऊन, समोर बसून, चेहरा बघून रक्त घेणार. ह्यांची झोप उडाली (दुपारची, बाकीच्या शाबूत आहेत). कारण वैशाखात अखाजीच्या सणाला वाहरूचं साल भरलं आणि तो गेला. ह्यांना सुचलंय ते असं की त्याची दाढी करून, मी धुतलेलं धोतर नेसवून त्याला झोपाळ्यावर बसवायचं आणि स्वतः गोठ्यात बसायचं (चष्मेवाल्याने माघात ह्यांनाच पाहिलंय म्हटलं, तर म्हणतात त्याला काय आठवतंय). त्यासाठी आमच्या गुराख्याला, भिलाला, तीनदा डोंगरात पाठवलं. रिकामा आला. गोठ्यात बसायला तयार आहेत, पण बोटभर रक्त द्यायला नाहीत!

असो. पोरांना पापे. तुझ्या मालकांना नमस्कार.

तुझी,
आक्का

ता. क. तू मागच्या पत्रात लिहिलंस की अखाजीला तुझ्याकडे वाहरू नावाचा नवा सालदार लागला, कामाला वाघ आहे. ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं नाही, पिठाच्या डब्यात ठेवलंय. तो आमचाच. बावीस तारखेपर्यंत त्याला तुमच्या खापर गावातून हलू देऊ नकोस. विहीर उपसायला लाव, भिंत बांधायला लाव, काहीच नसेल तर पोटभर जेवायला घाल आणि बसवून ठेव. ह्यांना स्वतःचं रक्त एकदा तरी स्वतः देऊ दे.

आणखी एक. हे पत्र बंद करून परत उघडलंय. माघात बायकांची रांग वेगळी होती. माझ्या नावावर आमची फुलवंताबाई उभी राहिली, जी आमच्याकडे निंदणीला येते. मी पापड वाळत घालायचे आहेत म्हणून सांगितलं. पापड नव्हते. सुई बघितली आणि शाळेच्या मागून घरी आले. माझाही कागद उत्तम आलाय. आणि मुंग्यांचं अर्धंच लिहिलं. तुझे दाजी मोरीत जात नाहीत, बांधावर जातात. सून दोन महिने माहेरी आहे. मोरीत मी एकटीच जाते.

एकवीसला ये. सुई टोचताना माझा हात धरायला कुणी तरी पाहिजे. फुलवंताबाईला मी बावीसची सुट्टी देऊन टाकलीय.