दुसरी चालक म्हणून तुझं नाव

घरच्या सरकारांस, परमुलखातल्या चालकाचा दंडवत.

सकाळपासून कानात तासावर घेतलेल्या सायकलची घंटी घुमतेय. आठवतं? लेक कोपऱ्यावरून दोनदा वाजवायचा, मग थांबून एकदा. म्हणजे, "बाबा, तास संपला, अजून अर्धा द्या ना!"

मी खुशाल आहे. गाडी विमानतळाऐवजी गावातल्या दुकानातून भाड्याने घेतली, निम्म्यात पडली. सगळ्यात लहान मागितली होती. ती शिल्लक नव्हती, म्हणून त्याच भाड्यात मोठी मिळाली. जोडीदाराचं नाव दुसरा चालक म्हणून फुकट घालतात, तुझं घातलं.

"आजोबा, आजी कुठंयत?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"घरी बसून मला चालवतात."

पण गाडी दोन दिवस दारातच उभी आहे. लेकाचं घर तासाभरावर. सात वर्षांच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य कोणतं बोलू? शाळेतल्या कविता पुटपुटत येरझारा घालतो. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

एक घोळ झालाय. फॉर्मवर मी उतरलोय त्या खोलीचा पत्ता आणि इथला फोन नंबर हवा होता. मला लेकाचाच पाठ, तोच दिला. दुकानाचे निरोप त्यालाच जात असणार, या खोलीच्या पत्त्यासकट.

थांब, दार वाजतंय. दोनदा. आणि थांबून, एकदा.