रोहनच्या खोलीचा लाइट

३ फेब्रु.
सोसायटीची नोटीस लागली. बिल्डिंग जुनी झाली, म्हणून सगळ्यांचे फ्यूजचे बोर्ड काढून नवीन ब्रेकर बसवणार. हे म्हणाले, चाललंय ते चालू दे की. मला हल्ली सुचतच नाही. दुपारी बोंबलाच्या कालवणात मीठ विसरले. हे तसंच जेवले.

९ फेब्रु.
वायरमन आला, इरफान. एरवी वालीवला कारखान्यांची कामं करतो. आमचा फ्यूज काढून बघतच राहिला. बारीक तारेऐवजी ह्यांनी तांब्याची जाड तार पीळ देऊन घातलेली.
"काका, घर जळेल पण ही उडणार नाय."
का घातली ते मला ठाऊक आहे. मागच्या पावसाळ्यात आमचा रोहन मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्याला गेला. पहाटे अंधारातच निघाला, खोलीतला लाइट चालू ठेवून. त्यावरून रोज बोलणी खायचा. तो परत आला नाही. आम्ही लाइट तसाच ठेवून दार लावून घेतलं. पुढे भिंतीत ओल आली, फ्यूज उडायला लागला. हे दर वेळी आणखी जाड तार घालायचे. संध्याकाळी दाराखालून उजेड दिसला की मला बरं वाटायचं, पोरगं आत आहे असं.

१० फेब्रु.
नवा बोर्ड लागला. दिसायला बरा आहे. सगळे खटके वर राहतात, रोहनच्या खोलीचा तेवढा पडतो. हे वर करायचे, तो पडायचा. शेवटी मीच म्हटलं, पुरे.
"भितीत पानी हाय," हे एवढंच म्हणाले. ह्यांच्या गावची, अर्नाळ्याची भाषा, फार थकले की येते तोंडात.
इरफान म्हणाला, खोली उघडून वायर बदलायला लागेल.
दाराखाली अंधार. वाटलं होतं रडू येईल. कुकर लावला.

११ फेब्रु.
काही नाही. कपडे वाळत घातले. आपल्याला काहीच वाटत नाही याची भीती वाटते.

१५ फेब्रु.
ह्यांनी खोलीची किल्ली काढून टीव्हीजवळ ठेवली. उद्या इरफान येणार. ह्यांना झोप लागल्यावर त्याला फोन केला. म्हटलं, आत लाइटचं बटन चालूच आहे. ते रोहनने दाबलेलं आहे. तेवढ्याला हात लावू नकोस.
तो म्हणाला, "काकी, वायर जळलीय. तो बटनाचा बोर्डपण काढायला लागेल."
बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.