प्रद्युम्न, प्रद्योत किंवा प्रद्योतन

१ डिसेंबर १९३१, मंगळवार. सकाळ.
मुलगा झाला. दोघंही सुखरूप. सुईण ठमाबाई बाहेर येऊन म्हणाली, इशाभाऊ, साखर वाटा. आजच्या दिवशी तरी विश्वंभर म्हणायला काय हरकत होती?
संध्याकाळी. ठराव केला. मुलाला भारदस्त नाव ठेवायचं आणि सगळे ते पूर्ण उच्चारतील अशी व्यवस्था आधीच करायची. मी विश्वंभर सदाशिव. नागावात इशा, शाळेत इशामास्तर. आई गेली तीही इशा म्हणतच. लग्नात प्रमोदिनीने उखाणा घेतला, पण नाव यायला आणि वाजंत्र्यांना जोर चढायला एकच गाठ पडली. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं. मुलाचं असं होऊ देणार नाही.

२ डिसेंबर.
यादी ठरली. प्रद्युम्न, प्रद्योत, प्रद्योतन. तिन्ही तेजस्वी. प्रद्युम्नाचा उच्चार मला पक्का ठाऊक आहे. तरी हरिभटजींना विचारून घेतला. त्यांनी दोनदा सांगितला, दोन्ही वेळा निराळा. शास्त्रात दोन्ही चालत असणार.

३ डिसेंबर.
बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून बाळाला हाक मारून बघणार होतो. प्रमोदिनी आतून म्हणाली, बारशाआधी नाव घ्यायचं नसतं. आधी आत्याने कानात सांगायचं, मग बाकीच्यांनी. बायकांच्या समजुती. पण बाळंतिणीशी वाद नको.
अडचण अशी की प्रॅक्टिस करायची कशावर? ऐन बारशात लोक अडखळले तर नाव मोडतं. मोडलेलं नाव पुन्हा सांधत नाही. माझ्याकडे बघा.

४ डिसेंबर.
तोडगा सापडला. कपिलेला गेल्या आठवड्यात गोऱ्हा झाला आहे. बारशापर्यंत त्याला प्रद्युम्न म्हणायचं. घरादाराच्या जिभा तयार होतील आणि बाळाचं नावही कुणी घेतलं असं होणार नाही. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.
भागोजी गड्याला सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, तोंडात पान हाय, थुकून येतो, मंग म्हनतो. थुंकून आला. परदुमन म्हणाला. सुरुवात म्हणून वाईट नाही.

६ डिसेंबर, रविवार.
सुट्टी असल्याने दिवसभर गोठ्यात. भागोजी आता प्रद्युमन म्हणतो. नाव बरोबर आलं की वासराला गुळाचा खडा. भागोजीनेही मागितला. दिला.

८ डिसेंबर.
यश! भागोजी, पाणी भरणारी सगुणा, शेजारचा रघू, सगळे खणखणीत प्रद्युम्न म्हणतात. वासरू हाकेसरशी कान टवकारतं. असा उच्चार पुण्यातही ऐकायला मिळणार नाही.
दुपारी थोरली बहीण गोदूताई आली. दिघीहून होडीने आगरदांडा, पुढे बैलगाडी. अंग आंबलं होतं, तरी आधी बाळ पाहून आली. तिला नाव सांगतच होतो, तेवढ्यात भागोजी गोठ्यातून ओरडला की प्रद्युम्न हागलाय, शेण भरतो.
गोदूताई म्हणाली, इशा, गोठ्यातलं नाव मी पाळण्यात घालणार नाही. पोराने मोठं झाल्यावर विचारलं, आत्ये, हा बैल आधी की मी, तर काय सांगू?
मुद्दा माझ्याही ध्यानात होताच.

९ डिसेंबर.
प्रद्युम्न रद्द. तसंही ते नाव जरा जुनाट वाटू लागलं होतं. आता प्रद्योत. जनावरांवर प्रयोग बंद. थेट गोदूताईलाच शिकवणार, कारण कानात तीच सांगणार. ताई म्हणते, सदू ठेव, बाबांचं नाव आहे. बाबांबद्दल आदर आहेच, पण या आळीतच तीन सदू आहेत.

१० डिसेंबर.
ताईचा उच्चार होत नाही. परद्योत. म्हणते, समोर कुणी असल्याशिवाय हाक तोंडातून निघत नाही. मी समोर उभा राहिलो, तर इशाच निघतं म्हणाली. तिला एकांतात सराव करायला सांगून शाळेत गेलो.

११ डिसेंबर.
कमाल झाली. ताई एका रात्रीत स्वच्छ प्रद्योत म्हणू लागली. कसं जमलं विचारलं, तर म्हणाली, मागच्या पडवीत सराव केला. भाकऱ्या मात्र दोन कमी पडल्या. भाकरीचा संबंध कळला नाही. विचारलंही नाही. शिकवण्याची पद्धत बरोबर असली की वयाची अडचण येत नाही. प्रद्योतन राखीव ठेवला आहे, पण गरज पडणार नाही.

१२ डिसेंबर, शनिवार. रात्री.
बारसं झालं.
पाळणा सजला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. ताई बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र म्हणाली, बायकांनी तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले. काय नाव ठेवलं, असं सगळ्यांनी विचारलं. ताई मान वर करून स्पष्ट म्हणाली, प्रद्योत.
वाडीवरचा काळा कुत्रा मागच्या दाराने माजघरात आला. थेट ताईपुढे बसला. भाकरी मिळेना, तेव्हा घुगऱ्यांच्या परातीत तोंड घातलं.
मी त्याच्यामागे धावलो. विहिरीला दोन फेऱ्या, मग पोफळीतून, मग रघूच्या कुंपणापर्यंत. धोतर फाटलं. हाक मारली की तो थांबायचा, जवळ गेलो की पळायचा. प्रद्योतन सांगावं म्हणून तसाच परतलो, तर ताईने बाळाच्या कानात दुसऱ्यांदा सांगून टाकलं होतं. सदू. दुसरे धपाटेही पडून गेले होते. धपाटे पडले की नाव बदलत नाही.

१३ डिसेंबर.
सदाशिव तसं भारदस्तच आहे. पूर्ण म्हणायचं, असं सगळ्यांना बजावलं. सगळे हो म्हणाले. सगुणा म्हणाली, म्हंजे सदूच ना?

१४ डिसेंबर.
ताई निघाली. गाडीत बसताना सहज म्हणाली, तू कुत्र्यामागे गेलास तेव्हा बायकांनी प्रमोदिनीला उखाण्याचा आग्रह केला. पाटाचं पाणी पोफळीच्या आळ्यात, अमुक रावांचं नाव घेते, बाळ पाळण्यात. मी विचारलं, अमुक कोण? ताई म्हणाली, अरे तुझं ते लांब नाव. मला नाही येत. तिने मात्र काय घेतलं! अगदी सावकाश, एकेक अक्षर. सगळं माजघर गप्प झालं होतं.
मी रघूच्या कुंपणाशी होतो.
दाराशी जाऊन प्रमोदिनीला म्हटलं, पुन्हा एकदा म्हण. ती म्हणाली, इश्श, नवऱ्याचं नाव असं उगाच घेतात का? बाळ निजलंय, तुम्ही आधी धोतर शिवायला टाका.
गोठ्यात भागोजी वासराला समजावत होता, प्रद्युम्न, सरक बाबा जरा. उच्चार निर्दोष.
आता पुढचा उखाणा उष्टावणाला. कुत्र्यासाठी साखळी आणली पाहिजे.