भिंगरी मशीनमध्ये झोपली त्याची हकिकत

मावशी,

तुझ्या पायावर डोकं ठेवते, पण लगेच उचलते, नाहीतर तिथंच घोरायला लागेन. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. परवाची भीतीनं गेली, कालची आनंदानं. तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं झालं का? (हे तुला कोण वाचून दाखवतंय देव जाणे, पण त्यांनाही नमस्कार. मधलं काही गाळू नका.)

तर आमची भिंगरी. आठ वर्षांची झाली, पण वजाबाकी डोक्यात शिरेना. वर्गाच्या बाई म्हणाल्या, हिला मागंच ठेवू. मी चौथीत शाळा सोडलेली, वाटलं माझंच डोकं पोरीला गेलं. तेवढ्यात कळलं की मोठ्या दवाखान्यात मेंदूचे फोटो काढून मुलं कशी शिकतात ते बघतायत. तिथल्या मॅडमनी समजावलं, डोक्यातल्या पेशी कुणाच्याच गप्प बसत नाहीत, काम नसलं तरी मध्येच काहीतरी पुटपुटतात. ही गडबड कमीजास्त असली तर शिकण्यावर काय फरक पडतो, ते बघायचंय. रोग शोधत नाही, म्हणाल्या. मी मान डोलवली आणि घरी येऊन रडले.

मशीन फार खडखडतं आणि आत हलायचं नाही, असंही सांगितलं होतं. म्हटलं, सवय करू. आठ दिवस भिंगरीला रोज पलंगाखाली आडवं केलं. सासूबाई वरून पातेलं बडवायच्या, हे भिंतीला ड्रिल लावायचे. (सात भोकं पडलीत, घरमालकाला अजून दिसली नाहीत.) खालचे मास्तर भांडायला वर आले, तर सासूबाई म्हणाल्या, "नातीचा अभ्यास चाललाय," आणि दार लावून घेतलं.

आणि मावशी, पोरगी मशीनमध्ये ढाराढूर झोपली! मॅडम माईकवरून "बाळा, बटण दाब" म्हणतायत, ही आपली अंगाई ऐकल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, "तयारी जरा जास्तच केलीत तुम्ही." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा परत बोलावलं. या वेळी पोटभर झोपवूनच नेली. आत पडद्यावर चित्रविचित्र मासे येतात, लाल घरातला का निळ्या, ते बटणानं सांगायचं. बरोबर असलं की हिरवा दिवा, चुकलं की पिवळा. ओरडणं नाही, कपाळाला हात लावणं नाही. आणि मध्येच गुपचूप नियम उलटा करतात! भिंगरीनं चार माशांत ओळखलं. मॅडम म्हणाल्या, "एकच उत्तर धरून बसणारी मुलं इथं अडकतात." मी भीत भीत विचारलं, "आणि ती गडबड?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण थोडी असलेली बरी, असं वाटतंय. डोकं एकाच वाटेला चिकटत नाही."

एवढं ऐकून मी थांबते होय! काल तडक शाळेत. मॅडमकडून मागून घेतलेला मेंदूचा फोटो बाईंच्या टेबलावर ठेवला. (अक्रोडासारखा दिसतो, पण आमचा आहे.) बाई म्हणाल्या, "यात वजाबाकी कुठं दिसते?" म्हटलं, "दिसत नाही. पण ओरडू नका. बरोबर आलं तर हिरवा खडू दाखवा, चुकलं तर पिवळा. वीस गणितं घाला." पहिली सहा चुकली. सातवं बरोबर, आणि मग विसाव्यापर्यंत एकही पिवळा नाही! बाई खडू धरून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "जाऊ दे हिला वरच्या वर्गात." मी इतकी ताठ चालत घरी आले की चपलेचा अंगठा तुटला तरी वाकले नाही.

आता मला कशाचीच भीती वाटत नाही.

तुझी धाकटी भाची

ता.क. मुलांच्या आयांचेही फोटो काढणार आहेत. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं "हो" म्हणून बसले. गुरुवारी अकराला माझा नंबर.

आणखी ता.क. त्या नळकांड्यात शिरायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. दादा बाहेर बसला तर जाईन. पण भिंगरीला मठ्ठ म्हणाला म्हणून मीच त्याला 'माझा उंबरा चढू नको' म्हटलंय, आता कुठल्या तोंडानं बोलवू? तेव्हा हे वाचणारे जे कोण असाल, एवढं मावशीला वाचून दाखवू नका, पण माझ्या दादाला फोन करा. मी घाबरलेय म्हणू नका. तुझी भाची वरच्या वर्गात गेली, गुरुवारी अकराला दवाखान्यात ये, एवढंच सांगा.