लिंबोणीचा बल्ब

पिंप्राळा, पौष, मंगळवार

परवा चोपड्याला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि मी इथे एका झाडाला बांधलेली. गच्चीवर ड्रममध्ये भडगावहून आणलेली लिंबोणी, थंडीसाठी तिच्याभोवती प्लास्टिकचा तंबू, आत पिवळा बल्ब. संध्याकाळी तो लावायचा, सकाळी बंद करून प्लास्टिक उघडायचं. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. यांची सेकंड शिफ्ट. राहिलं कोण? मीच.

आज धीर करून सासऱ्यांना विचारलं, "आबा, दोन दिवस जाऊ का?"

"तू गयी ते बल्ब कोन लावी?"

मी चिडलेच. म्हटलं, "भडगावच्या मळ्यात एवढ्या लिंबोण्या होत्या, तिथे कोण बल्ब लावायचं?"

"तठे तुनी सासू धूर करे. पाला पेटाडीसन बांधवर बसे." आणि मग अगदी कौतुकानं, "हिवाळामा ती कधीज माहेर गयी नही."

कौतुकानं! सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. जायचंय का, असं त्यांना कुणी विचारलं तरी असेल का?

वर गेले, बल्ब लावला. तंबूत छान ऊब होती, बाहेर मी कुडकुडत उभी. आता आईला काय सांगू? लिंबोणीला थंडी वाजते?