कुंपणावरचे शब्द

फ्रेस्नो

हेरिबेर्तो, माझ्या राजा,

तू गेल्यापासून शेजारचे विटलॉक आजोबा रोज सकाळी कुंपणापाशी मला एक इंग्रजी शब्द देतात आणि मी त्यांना मक्याच्या पानात वाफवलेला एक गरम तमाल खायला देते. शब्द चिठ्ठीवर लिहून मी त्या त्या वस्तूला चिकटवते. दार, जिना, फरशी, सगळं घर चिठ्ठ्यांनी भरलंय. "तुझ्याआधी तुझ्या कोंबड्या इंग्रजी बोलतील," असं ते चिडवायचे.

आज ते आलेच नाहीत. जाऊन बघते तर स्वयंपाकघरात पडलेले, ओठ निळे. मी मदतीसाठी फोन लावला. पलीकडची बाई इंग्रजीत बोलली आणि माझी स्पॅनिशसुद्धा पळाली. मग एकेक चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. म्हातारा माणूस. फरशी. श्वास थोडा. हिरवं दार. बाई म्हणाली, "समजलं. निघालोच आम्ही." आणि त्या हिरव्या दाराशी खरंच गाडी आली रे! मी हवेत शब्द सोडले, त्यांची माणसं झाली आणि ती धावत आली. अजून अंगावर काटा आहे.

आजोबा वाचले. स्ट्रेचरवरून म्हणाले, "हरल्या गं तुझ्या कोंबड्या!"

कबरीला टपालपेटी नसते, म्हणूनच हे लिहायचं धाडस करते. तू पडलास तेव्हा फोन लागत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं. फोन लागला होता. अशीच एक बाई काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, अगदी मायेने. माझ्याकडे एकही शब्द नव्हता. मी फोन ठेवून दिला.

तुझीच,
ओब्दुलिया