एलादिओच्या पिंपातली वाइन

लोझान, १२ एप्रिल १९८७

ती. दोसिंदाताईस,
अमारोचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. काल इथे परदेशात आपल्या गालिसियाच्या माणसांनी काढलेल्या मंडळात गेलो होतो. गावाकडचं साप्ताहिक टेबलावर पडलं होतं. त्यात रेदोंदेलाच्या आसपास कुठे खावं, कुठे प्यावं, अशी यादी. सहाव्या नंबरवर आपलं घर! एलादिओच्या विधवेचं अंगण, पाच टेबलं, तारल्यांची भरली पोळी उत्तम, लाल वाइन घरची. मी तीनदा वाचलं. शेजारी मंडळातला बेनिग्नो होता. म्हणाला, काय रे, तुझा बाप फेब्रुवारीत गेला ना? त्याला काय सांगू?

बाबांना पुरून दोन महिने झाले नाहीत आणि दारावर घरची वाइन विकायला आहे असं सांगणारी तमालपत्राची फांदी? येणारा-जाणारा आत येऊन पितोय? तू दर रविवारी बिगोहून घरी जातेस, मला एका ओळीनं कळवलं नाहीस. आईला काही झालंय का, ते खरं लिही.

रागावलो आहे. लोभ आहे तेवढाच आहे.
अमारो

बिगो, २० एप्रिल १९८७

चि. अमारोस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. काय लिहावं ते कळेना, म्हणून लिहिलं नाही. बावीस मार्चला बसमधून उतरले तर दारावर ताजी फांदी. कुणीतरी वाईट थट्टा केली असं वाटलं. काढायला हात वर केला, तर आई आतून ओरडली की ती मी लावलीय, हात लावू नकोस. अंगावर काळे कपडे, वर एप्रन. म्हणाली, पिंपाला दुखवटा कळत नाही. उन्हाळा लागला की आंबून जाईल. तुझ्या बापानं वर्षभर राबून केलेली मी गटारात ओतू काय?

गावालाही धक्का बसला. शेजारची ओब्दुलिया फाटकातच म्हणाली, अगं एर्मिंडा, नवऱ्यावरची माती ओली आहे अजून. आई म्हणाली, आत बसून बोल, उभं राहून तुझे गुडघे दुखतात. ती आली, तीन वाट्या वाइन प्यायली, आणि आता रोज येते.

पिंप तीनशे लिटरचं. मेच्या मध्याला संपेल, मग फांदी उतरेल. तोवर सहन कर. रविवारी वाट्या मी धुते. बाबांच्या वाइनचा जांभळा डाग पांढऱ्या वाटीवरून निघता निघत नाही, राखेनं घासावा लागतो. मला त्याचं काही वाटत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी माया जाणतोसच.
दोसिंदा

बिगो, ८ जून १९८७

चि. अमारोस, आ.

मे संपला आणि पिंप संपलं नाही. काल वाट्या नुसत्या पाण्यानं स्वच्छ झाल्या. मी एक घोट घेऊन पाहिला आणि सरपणाच्या मागे गेले. तिथे सहकारी संघाच्या वाइनचे रिकामे डबे होते. सात. आई दुसऱ्यांची वाइन बाबांच्या पिंपात ओतते आणि घरची म्हणून वाढते.

आपल्याकडे याहून मोठी लाज नाही. आपली संपली की फांदी उतरवायची, या एका भरवशावर माणसं अनोळखी अंगणात शिरतात. एका वर्षी पिंप अकरा दिवसांत आटोपलं, तेव्हा बाबांनी बाराव्या दिवशी खुद्द पाद्रीबाबांना फाटकातून परत पाठवलं होतं.

मी घाबरत ओब्दुलियाला विचारलं. ती म्हणाली, पोरी, पहिल्याच घोटाला कळलं. सगळ्यांनाच कळलं. फुको सुतार म्हणाला की हिच्यापेक्षा माझ्या बायकोचं सूप चढतं. पण आम्ही ठरवलंय, वा एलादिओ म्हणायचं आणि गिळायचं. तिचा जीव रमलाय, तू गप्प बस.

आई खोटं वाढते आणि गाव ते जाणून पितं. यातल्या कशानं जास्त हादरले, मला सांगता येत नाही. मी काय करू?

दोसिंदा

लोझान, १७ जून १९८७

ती. ताईस,
सा. न.

काय करू म्हणजे? तोंडावर सांग. तुला जन्मात कुणाला वाईट बोलता आलं नाही. लहानपणी मी तुझी सायकल ओढ्यात घातली, तेव्हाही तू असू दे म्हणालीस. आता असू दे म्हणू नकोस. बाबांचं नाव आहे त्या पिंपावर. तुला जमत नसेल तर रजा काढून मी येतो आणि भर अंगणात सांगतो.

चिडलेल्या भावाला सांभाळून घे.
अमारो

घरून, २९ जून १९८७

चि. अमारोस,
अनेक आशीर्वाद.

रजा काढू नकोस. मी सांगितलं.

आईला स्वयंपाकघरात एकटीला गाठून हळू बोलायचं ठरवलं होतं. काल दुपारी अंगण भरलेलं होतं. आईनं सगळ्यांसमोर माझ्या हातात वाटी दिली आणि विचारलं, कशी आहे गं यंदाची? चांगली आहे, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं की ही बाबांची नाही.

फुकोच्या हातातला घास हातात राहिला. ओब्दुलियानं टेबलाखालून मला लाथ मारली. मला वाटलं, आई आता कोसळणार. ती बाकावर बसली आणि म्हणाली, सहा आठवडे. सहा आठवडे मी वाट बघतेय की कुणीतरी वाटी आपटेल.

मग तिनं सगळं सांगितलं. पिंप तळाला गेलं त्या दिवशी तिला फांदी उतरवायचा धीर झाला नाही, म्हणून तिनं पहिला डबा ओतला. लोक लगेच ओळखतील, चार शब्द सुनावतील आणि आपण दार लावू, असं तिला वाटलं होतं. पण फुकोनं मिटक्या मारल्या आणि म्हणाला, वा, एलादिओचा हात! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, मग मला वाटलं, चाळीस वर्षं तो मेला राबला आणि या गावाच्या जिभेला त्याची कधी ओळखच नव्हती. कुणाचीही चालली असती. अमारो, दर रविवारी मीही तिथेच होते, मीही बोलले नव्हते.

मग जो गोंधळ झाला! फुको उठून ओरडला की अगं बाई, सहा आठवडे हे गुळणीचं पाणी मी तुझ्यासाठी पितोय, माझं पोट बिघडलंय. ओब्दुलिया म्हणाली, त्याची प्यायली की एक डोळा आपोआप मिटायचा, हिनं पापणी हलत नाही. कुणी म्हणालं, त्याची वाइन जीभ सोलायची. कुणी म्हणालं, त्याच्या एका वर्षीच्या वाइननं माझ्या लग्नातलं टेबलक्लॉथ कायमचं गेलं. एकाहून एक वाईट, पण प्रत्येकाला चव त्याचीच आठवत होती. आई एकेकाचं तोंड बघत ऐकत होती. तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला पाहिला.

फांदी तिनं स्वतः उतरवली. उरलेली पिंपातली फुकोनं गटारात सोडली. मी आठवडाभर इथेच राहते आहे.

आता तुझ्याकडे काम आहे. सप्टेंबरात द्राक्षं काढायला येशील का? आईनं विचारलं, अमारोला तुडवण्यातलं, गाळण्यातलं काही कळतं का? मी म्हटलं, त्याला नाही आणि मलाही नाही. ती म्हणाली, म्हणजे वाईट होणार. होऊ दे. या वेळी लोक तोंडावर सांगतील.

उत्तर लवकर धाड, आणि लोभ ठेवशील तो सप्टेंबरात इथे येऊन ठेव.
तुझी ताई,
दोसिंदा